बडोद्याच्या डॉक्टरांना खुले पत्र: केसपेपरवर कामाची एक ओळ लिहा

बडोदे शहर व परिसरातील सर्व फॅमिली डॉक्टर, छातीचे, त्वचेचे व मूत्रविकारांचे तज्ज्ञ यांस,

स. न. वि. वि.

मी बडोद्यात कामगारांचे खटले चालवणारी वकील आहे. कारखान्यातली धूळ, वाफ किंवा रसायन अंगात जाऊन आजारी पडलेल्या माणसांचे, आणि पुष्कळदा त्यांच्या विधवांचे, भरपाईचे दावे माझ्याकडे येतात. नंदेसरी, मकरपुरा, पादरा, सावली, हालोल, गोध्रा, सगळ्या बाजूंनी येतात. मी वकीलपत्रावर सही घेण्याच्या कितीतरी आधी यातल्या बहुतेक दाव्यांचं भवितव्य ठरून गेलेलं असतं. ते ठरतं तुमच्या दवाखान्यात, पहिल्या केसपेपरवर. कारखानदारांना आणि सरकारला लिहायचं ते मी अर्जांतून लिहीतच असते. हे पत्र मात्र तुमच्यासाठी आहे.

मागणं एकच आहे. रुग्ण नेमकं काय काम करतो, कुठे करतो, किती वर्षं करतो आणि कशाच्या सान्निध्यात करतो, ही एक ओळ केसपेपरवर लिहा.

खानदेशातून बडोद्यात येऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाची फाईल माझ्याकडे होती. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवते. माणूस चाळिशीच्या आतला, ठेकेदारामार्फत लागलेला. काम सिलिका पावडरच्या, म्हणजे वाळू-गारगोटी दळून केलेल्या पिठीच्या, गोण्या ब्लेडने फाडायच्या, खांद्यावर घ्यायच्या आणि यंत्राच्या नसराळ्यात, हॉपरमध्ये, ओतायच्या. तोंडाला घरचा रुमाल. तो गेल्यावर बायको एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली. तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, टीबीच्या दोन कोर्सची कार्डं, दुमडून तडा गेलेली एक्स-रे प्लेट आणि रेशनकार्डाच्या पाकिटात जपून ठेवलेला कारखान्याचा एक जुना गेटपास. तो कारखान्यात जात होता याचा तेवढाच पुरावा. पगार रोखीत, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि वही ठेकेदाराबरोबर गायब.

केसपेपर मी पुन्हापुन्हा वाचले. खोकला तीन महिने, दम लागतो, वजन उतरलं, ताप नाही. थुंकीत जंतू नाहीत. तरी टीबीची औषधं सुरू. मग एका कोपऱ्यात, अगदी स्वच्छ अक्षरात: ‘बिडी, रोज दहा, पंधरा वर्षं.’ आणि धंद्याच्या रकान्यात एकच शब्द: ‘नोकरी’. दुसऱ्या दवाखान्यात तोही नाही, रकाना कोरा.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी तोच कागद हातात घेतला आणि बिडीची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मग विचारलं, यात धूळ हा शब्द कुठे आहे ते दाखवा. तो नव्हताच. बाई खाली मान घालून उभ्या होत्या. शेवटी तडजोडीत जी रक्कम मिळाली ती औषधांच्या आणि किराण्याच्या उधारीत गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूवर मला बोट ठेवायचं नाही. रुग्णाने काय ओढलं ते त्यांनी विचारलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच श्वासाबरोबर दिवसाचे आठ-दहा तास त्याच्या छातीत आणखी काय जात होतं, हा प्रश्न तीनही ठिकाणी राहून गेला.

या एका ओळीचं कायद्यात काय होतं ते सांगते, कारण कोर्टाची पायरी चढायची वेळ न आलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नाही.

एरवी नुकसानभरपाई मागणाऱ्याला सगळं स्वतः सिद्ध करावं लागतं: विष कुठलं, ते अंगात कसं गेलं, आजार त्यानेच झाला आणि दुसऱ्या कशाने नाही. गरीब माणसाला हे जवळपास अशक्य. म्हणून १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची एक यादीच केली. यादीतला आजार आहे आणि माणूस ठराविक काळ तशा कामावर होता, एवढं दाखवलं की आजार कामातूनच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे दाखवण्याचं ओझं मालकाच्या डोक्यावर जातं. शिसं, बेंझिन, क्रोमियम यांची विषबाधा त्या यादीत आहे. सिलिकाच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसात वण धरणारे सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टोसिस आहेत. ॲस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, आहेत. मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. आणि टीबीचं निदान लिहिताना हे जरूर आठवा: सिलिकोसिसवर चढलेला टीबीसुद्धा यादीत आहे, फक्त त्या अपंगत्वात किंवा मृत्यूत सिलिकोसिस हा आवश्यक घटक असल्याचं दिसलं पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण यादीचं तत्त्व तेच आहे.

म्हणजे कामगाराच्या हातात दोनच कागद हवेत. आजाराचं नाव असलेला एक आणि कामाचं स्वरूप सांगणारा एक. दुसरा कागद मालक देत नाही. ठेकेदार तर मुळीच देत नाही. मग उरतो कोण? भांडण उभं राहण्याच्या आधी, पैशाचा विषयही डोक्यात नसताना, ज्याच्यासमोर तो माणूस ‘मी पावडरीत काम करतो’ असं सहज बोलून गेला तो डॉक्टर. दावा दाखल झाल्यावर मिळवलेल्या दाखल्यापेक्षा पाच वर्षांपूर्वीच्या साध्या केसपेपरवरची ओळ कितीतरी वजनदार ठरते, कारण ती लिहिताना कुणाचाच त्यात स्वार्थ नसतो.

तारखेचंही तसंच. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती आणि आजाराच्या बाबतीत ती मोजायची कधीपासून, हे माणूस कामावर जायचा कधी थांबला किंवा लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली यावरून ठरायचं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. ते कारणही शेवटी तुमच्याच कागदावर सापडतं: निदान कुठल्या तारखेला झालं, ते रुग्णाला कधी सांगितलं.

तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आता लिहिते. ही नोंद करणं आणि कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्यच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८९ व्या कलमात ते स्पष्ट होतं. कारखान्यात काम करणारा किंवा पूर्वी केलेला रुग्ण तपासताना, त्याला यादीतला आजार आहे असं डॉक्टरला वाटलं, तर त्याने विलंब न लावता मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. रुग्णाचं नाव-पत्ता, आजार आणि कारखान्याचं नाव-पत्ता, बस. ‘वाटलं’ एवढंच पुरे होतं, खात्रीची अट नव्हती. सरकारी प्रमाणक डॉक्टरने निदानाला दुजोरा दिला तर कळवणाऱ्या डॉक्टरला फी मिळण्याची आणि ती कारखान्याकडून वसूल करण्याची तरतूदसुद्धा होती. न कळवल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या १२ व्या कलमात हे कर्तव्य कायम आहे. सरकारी असो की खाजगी, दवाखाना दांडिया बाजारात असो की मांजलपूरला, ते सगळ्यांना लागू आहे.

असं पत्र पाठवलेला खाजगी डॉक्टर माझ्या कामात मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला घरी जाऊन नमस्कार करीन.

मी काही डॉक्टरांशी या विषयावर बोलले आहे आणि त्यांच्या अडचणी मला खऱ्या वाटतात. ओपीडीत माणसं ताटकळत असतात. कारखान्यात जाऊन हवा मोजणं तुमचं काम नाही. कोर्टात साक्षीला ओढलं जाण्याची धास्ती असते, आणि एक दिवस दवाखाना बंद म्हणजे काय हे मी समजू शकते. पण साक्षीला बोलावणं येतं ते कागद अर्धवट असतो तेव्हा जास्त. नोंद पुरती असली की पुष्कळदा ती दाखल होऊन काम भागतं. आणि ‘शुं काम करो छो?’ या प्रश्नाला आणि त्याच्या उत्तराला लागून लागून किती वेळ लागणार? इटलीतला रामाझिनी नावाचा वैद्य तीनशे वर्षांपूर्वी सांगून गेला की रोग्याला तुझा धंदा काय हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं समजू नका. तुम्हाला हे पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवलेलं आहे, मी नव्याने काय सांगणार.

एक अडचण मात्र मला रात्री जागवते. कधी रुग्ण स्वतःच हात जोडतो: साहेब, कंपनीचं नाव नका लिहू, कामावरून काढतील. तो खोटं बोलत नाही, काढतातच. आजाराचा कागद ठेकेदाराला दिसला की दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. घर त्याच्यावर, मुलांची फी त्याच्यावर. अशा माणसाला कायद्याचं कलम दाखवून काय उपयोग? माझं मत विचाराल तर केसपेपरवर तरी नोंद कराच. तो कागद त्याचा आहे, तो कारखान्यात जात नाही, त्याच्या घरच्या पेटीत राहतो. निरीक्षकाला कळवण्याचं कर्तव्य टळत नाही, पण ते पार पाडण्याआधी त्याला खुर्चीवर बसवून समजावून सांगा की हे कागद का होताहेत आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोला त्यांचा काय आधार होणार आहे. एकट्याचं नाव जाण्यापेक्षा त्याच खात्यातले आणखी दोघेतिघे तुमच्याकडे येत असतील तर त्यांचीही नोंद एकाच वेळी गेलेली बरी. एकाला काढणं सोपं असतं, पाचांना काढताना मालक विचार करतो.

कंपनीच्या पॅनेलवर असलेल्या डॉक्टरांसाठी दोन शब्द वेगळे. तुमची फी कारखाना देतो, पण स्टेथोस्कोप ज्याच्या छातीवर ठेवता तो रुग्ण तुमचा. वार्षिक तपासणीत रक्तातलं शिसं वाढलेलं दिसलं, नाकाचा पडदा क्रोमियमने भोकं पडून गेलेला दिसला आणि कामगाराच्या हातात फक्त ‘फिट’चा शिक्का पडला, तर त्याचा दावा बुडाला आणि त्याची प्रकृतीही. अहवालाची प्रत त्याला द्या. कुणी अडवलं तर तसं लिहून ठेवा.

या आजारांचा स्वभावच असा की ते कारखाना सुटल्यावर गाठतात. सिलिकाचा बारीक कण फुप्फुसात खोल गेला की तो साफ करायला आलेली पेशीच त्याला गिळून मरते, तिथे वण धरत जातो, आणि काम सोडलं तरी वण वाढत राहू शकतो. रंगाच्या कारखान्यातल्या बेंझिडीनचा मूत्राशयावरचा परिणाम वीस-वीस वर्षांनी लघवीतल्या रक्ताच्या रूपाने दिसतो. ॲस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा तीस-चाळीस वर्षंही घेतो. तोपर्यंत माणूस निवृत्त झालेला असतो किंवा गावी परतलेला असतो, कारखान्याचं नाव बदललेलं असतं. म्हणून आज साठ-पासष्टीचे आजोबा लघवीतून रक्त जातं म्हणून आले तर ‘सध्या काय करता’ विचारून भागत नाही. पंचविशीत काय करत होता, हे विचारावं लागतं. एके काळी बेंझिडीनच्या खात्यात होतो, हात कोपरापर्यंत रंगायचे, असं ते सहज सांगून जातात, आणि तेवढ्यावर त्यांचा दावा उभा राहू शकतो.

उलट काही खुणा लगेच पुसल्या जातात. बेंझिनची लघवीतली खूण दिवसा-दोन दिवसांत जाते, कामापासून दूर झाल्यावर रक्तातलं शिसंही उतरू लागतं. संशय आला की तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या, पुढच्या खेपेवर ढकलू नका.

२७ जानेवारी १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यात म्हटलं, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर, सांभाळण्याचा आदेश कारखान्यांना दिला. आजार किती लांबून येतो हे कोर्टाने ओळखलं होतं. तुमच्यावर मात्र वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णांची कागदपत्रं तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन घातलं आहे. ३ कुठे आणि ४० कुठे! म्हणून विनंती आहे की कागद रद्दीत घालण्याआधी रुग्णाला बोलावून त्याच्या हवाली करा. मागितल्यावर ७२ तासांत प्रत देणं हे त्याच नियमांत आहे. वकिलाने मागवली की रुग्णावर चिडू नका.

आपल्यापासून जेमतेम दोन तासांवर गोध्रा आहे. तिथल्या आणि बालासिनोरच्या क्वार्ट्‌झ (गारगोटी, म्हणजे सिलिकाचाच दगड) दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी मजुरीला आले, पांढऱ्या धुळीत काम केलं आणि गावी जाऊन ऐन तारुण्यात मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. ते पैसे गुजरात सरकारने द्यावेत असा सुप्रीम कोर्टाचा आदेश यायला ४ मे २०१६ उजाडलं. ती माणसं कुठल्या कारखान्यात होती, किती दिवस होती, छातीचे फोटो काय सांगतात, हे कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यावर फिरून, एकेका घराची यादी करून जमवलं. आपल्या बडोद्यातल्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरनेही खंभातच्या अकीक, म्हणजे दागिन्यांचे रंगीत दगड, घासणाऱ्या कारागिरांसाठी अशी कामं वर्षानुवर्षं केली आहेत. हे सगळं मागाहून, माणसं मेल्यावर जमवावं लागलं. त्या मजुरांना तपासणाऱ्या प्रत्येकाने ‘क्वार्ट्‌झच्या कारखान्यात होता’ एवढं लिहिलं असतं तर किती वर्षं वाचली असती, आणि कदाचित पुढचा मजूर तिथे पाठवण्याआधी कुणीतरी थांबलं असतं.

खंभातचे अकीक घासणारे घरातच चाक चालवतात, त्यांना मालकच नाही, मग दावा कुणावर करायचा हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. राजस्थानने २०१९ मध्ये धोरण करून सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालेल्याला तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख ठरवले. तिथेही सुरुवात डॉक्टरच्या प्रमाणपत्रापासूनच होते. कारखान्याशेजारी राहणाऱ्या आणि दूषित पाणी पिऊन आजारी पडलेल्या लोकांना हरित न्यायाधिकरणाकडे पाच वर्षांच्या आत भरपाई मागता येते. त्यांच्या केसपेपरवर वस्तीचं नाव आणि पाणी बोअरचं की नळाचं, एवढं लिहिलं तरी खूप होईल.

ओळ कशी लिहावी? ‘लेबर’, ‘नोकरी’, ‘प्रायव्हेट जॉब’ हे शब्द आमच्या काही कामाचे नाहीत. मला हवी आहे ती अशी: ‘काच कारखान्यात सिलिका पावडरच्या गोण्या फाडून हॉपरमध्ये ओततो, सहा वर्षं, ठेकेदारामार्फत, मास्क नाही, रुमाल बांधतो, बरोबरच्या दोघांना असाच दम.’ पुढे कारखान्याचं नाव आणि ठिकाण. ठेकेदाराचं नाव असेल तर तेही, पण काम ज्या गेटच्या आत होतं त्या कारखान्याचं नाव सुटता कामा नये. रसायनाचं नाव रुग्णाला येत नसेल तर पिंपावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा. हल्ली बहुतेकांकडे मोबाइल असतो. बिडीची ओळही लिहा, ती लपवायला मी कधीच सांगणार नाही. सिलिका अंगात असणाऱ्याने बिडी ओढली तर त्याचं आणखी वाईट होतं, आणि सिलिकोसिस बिडीने होत नाही. दोन्ही ओळी शेजारीशेजारी असल्या की समोरच्या वकिलाला एकच वाचून थांबता येत नाही. आणि थुंकीत जंतू न सापडता टीबीची औषधं दुसऱ्यांदा सुरू करायची वेळ आली, तर त्याआधी एक्स-रे धुळीच्या आजारांच्या जाणकाराला दाखवा. राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अहमदाबादला आहे, फार लांब नाही.

निरीक्षकाला कळवण्याच्या पत्राचा एक पानी नमुना मी मराठीत आणि गुजरातीत तयार केला आहे, मागे आजारांची यादी छापली आहे. तुमच्या संघटनेच्या कुठल्याही मासिक बैठकीत येऊन मी तो वाटायला आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला तयार आहे. रविवारी, रात्री, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा. येत्या बैठकीत यासाठी पंधरा मिनिटं राखून ठेवावीत ही विनंती.

आपली नम्र,
कामगारांची एक वकील
रावपुरा, बडोदे